लाइट गेली की बरं होणारं मशिन: चोपड्यातल्या एका स्टुडिओतली रॅमची भानगड

चोपड्यातल्या एका फोटो-व्हिडिओ स्टुडिओचं हे एडिटिंगचं मशिन. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मधल्या किमतीचा बोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, म्हणजे पट्ट्या. २०२० मध्ये जळगावहून जोडून आणलेलं. जवळपास चार वर्षं तक्रार नव्हती. डिसेंबरात ८-८ च्या आणखी दोन स्टिक टाकून रॅम ३२ जीबी केली, तेव्हाही तीन महिने सगळं सुरळीत. मार्च संपता संपता मात्र मशिन चालता चालता पडायला लागलं. कधी ब्ल्यू स्क्रीन, कधी काही न सांगता रीस्टार्ट, कधी एक्स्पोर्ट संपत आला की सॉफ्टवेअर आपोआप बंद. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर. खान्देशातल्या स्टुडिओवाल्यांना जेवायला फुरसत नसते असे ते दिवस.

माझ्यापर्यंत मशिन पोचलं तोवर त्याच्यावर बरेच उपचार होऊन गेले होते. विंडोज दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, नवा बसला होता. ग्राफिक कार्डाचे ड्रायव्हर जुने-नवे करून पाहिले होते, अर्थिंग तपासून घेतलं होतं. रॅमवरही संशय घेतला गेला होता, पण विंडोजची मेमरी टेस्ट पास झाली म्हणून तो सोडून दिला. शेवटी सगळ्यांचं एकमत उन्हावर झालं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, त्यामुळे ‘तापलं असेल’ हे निदान आयतंच हाताशी असतं. मालकांच्या भाच्याने, एडिटिंग तोच करतो, कॅबिनेटचं झाकण काढून मशिन थेट कूलरच्या तोंडासमोर मांडलं होतं. ओली हवा, पाण्यातला क्षार, गवताचा भुसा, सगळं सरळ बोर्डावर. ते मी आल्या आल्या हलवायला लावलं. चालू बिघाडाशी त्याचा संबंध नव्हता, पण पुढच्या बिघाडाची ती पक्की सोय होती.

उष्णतेचा मुद्दा खोडायला फार वेळ लागला नाही. मशिन पहाटे, रात्रभर बंद राहिल्यानंतर, सुरू केल्यावर दहा मिनिटांतही पडत होतं. प्रोसेसरचं तापमान तेव्हा साठीच्याही खाली होतं. गरमीने मेमरीची सहनशक्ती कमी होते हे खरं, डीडीआर४ चिप ८५ अंशांच्या वर गेली तर तिला दुप्पट वेळा रिफ्रेश करावं, म्हणजे साठवलेलं पुन्हा भरावं लागतं. पण ८५ अंश चिपचे, खोलीचे नाही.

बापूंचं वाक्य

स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे बापू म्हणतात, बाजूला बसून पाहत होते. मध्येच म्हणाले, “भो, लाइट गयी ना, का मंग दोन-तीन दिन बेस चालस. मंग परत तेच.”

हे त्यांनी आधीच्या कारागिरांनाही सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. लाइट गेल्यावर मशिन बिघडतं हे ऐकायची आपल्याला सवय आहे, सुधारतं हे कोण ऐकून घेणार? पण रोज त्या मशिनशेजारी बसणाऱ्या माणसाला दिसलेली लय सहसा खोटी नसते. त्याने सांगितलेलं कारण चुकीचं असू शकतं, लय नाही. म्हणून स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंदवही, उघडला.

मशिन अचानक बंद पडलं की पुढच्या सुरुवातीला विंडोज ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद करतं. पुष्कळ जण ४१ पाहिला की एसएमपीएस बदलून मोकळे होतात. इथेही तसंच झालं असणार. पण त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ नावाचा एक आकडा असतो. तो शून्य असेल तर वीज गेली, बटण दाबलं गेलं किंवा मशिन गोठलं. शून्य नसेल तर ब्ल्यू स्क्रीन आला होता, आणि तो कुठला हे त्या आकड्यावरून कळतं. इथे २६ होता, ८० होता, १० होता, मधूनच ५९. म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ आणि ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’. एखादा ड्रायव्हर बिघडला तर बहुधा एकच कोड, तेच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतं. दर वेळी वेगळा कोड आणि दर वेळी वेगळा गुन्हेगार दिसला की मी रॅमकडे वळतो, कारण मग विंडोज फक्त बळी असतं. ज्या प्रोग्रॅमच्या वाट्याला तो खराब आकडा येतो, त्याचं नाव लागतं.

याहून नवलाची गोष्ट तारखांची होती. नोंदींमध्ये एप्रिल होता, आणि मधेच जानेवारी २०१९. पुन्हा एप्रिल, पुन्हा जानेवारी २०१९. मशिन विकत घेतलं २०२० मध्ये! या २०१९ च्या नोंदींतही ४१ होते, पण कोड झाडून सगळे शून्य. ब्ल्यू स्क्रीन एकही नाही.

बोर्डावरचा सेल मेला होता. सीआर २०३२, बटणाएवढा, बायोसची (मशिन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग आणि घड्याळ जपणारा. एसएमपीएसला वीज असेपर्यंत बोर्डाला थोडा करंट मिळत राहतो, मशिन बंद असलं तरी, त्यामुळे मेलेला सेल कळून येत नाही. लाइट लांबली, यूपीएसही संपला, की बोर्ड सगळं विसरायचा. तारीख १ जानेवारी २०१९ वर आणि सेटिंग फॅक्टरी डिफॉल्टवर. सुरू करताना ‘एफ१ दाबा’ असा संदेश यायचा, भाचा एफ१ दाबून कामाला लागायचा. व्हायरस आणि अपडेटच्या भीतीने हे मशिन इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं, म्हणून तारीख आपोआप दुरुस्त होत नव्हती. दोन-तीन दिवसांनी बॅकअपमध्ये नवी फाइल जुनीच्या खाली दिसायला लागली की तो वैतागून बायोसमध्ये जाऊन तारीख लावायचा. आणि तिथे गेलोच आहोत तर म्हणून आणखी एक गोष्ट करायचा.

विचारलं तर म्हणाला, “रॅमचं प्रोफाइल चालू करतो ना काका. नाही केलं तर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २१३३ दाखवतं. आपण पैसे ३२०० चे दिले.”

त्याचं काही चुकत नव्हतं. मार्चमध्ये त्याने हीच तक्रार केली तेव्हा एका कारागिराने त्याला हे बटण दाखवलं होतं. डिसेंबरात स्टिक घातल्यावर बोर्ड स्वतःहून डिफॉल्टवर आला होता आणि तीन महिने चारही स्टिक २१३३ वर गुपचूप चालल्या होत्या. म्हणून ‘नवी रॅम टाकली आणि बिघाड सुरू झाला’ असा धागा कुणाच्या डोक्यात जुळलाच नाही. मधे तीन चांगले महिने होते.

विंडोजची ती पास झालेली मेमरी टेस्टही सापडली. तिचा निकाल इव्हेंट व्ह्यूअरमध्येच नोंदला जातो. तारीख: ३ जानेवारी २०१९. म्हणजे लाइट जाऊन आल्यानंतरच्या चांगल्या दिवसांत, २१३३ वर घेतलेली. टेस्ट खरी होती, पण तिने ज्या सेटिंगला पास केलं त्या सेटिंगवर मशिन पडतच नव्हतं. ‘रॅम चांगली आहे’ हे अर्धंच वाक्य असतं. किती स्टिक, किती वेगाला, किती व्होल्टवर चांगली, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

प्रोफाइल म्हणजे काय

स्टिकवर एक बारीकशी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. त्यात दोन प्रकारचे आकडे असतात. पहिले जेडेक या मानक संस्थेच्या नियमात बसणारे. डीडीआर४ साठी १.२ व्होल्ट आणि २१३३, २४००, २६६६ असे वेग. बोर्ड पहिल्यांदा सुरू होतो तो यांच्यावर. दुसरे आकडे रॅम बनवणाऱ्याने स्वतःच्या भरवशावर लिहिलेले असतात. वेग ३२००, टायमिंग (मेमरी उत्तर द्यायला घेते ते ठोके) घट्ट, व्होल्टेज १.३५. हे एक्सएमपी प्रोफाइल. इंटेलने ते २००७ मध्ये डीडीआर३ सोबत आणलं. एएमडीच्या बोर्डांवर कुठे डीओसीपी, कुठे ए-एक्सएमपी अशा नावांनी तेच दिसतं. डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो नावाचं स्वतःचं काढलं.

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि तो त्या डब्यातल्या दोन स्टिकपुरता तपासलेला असतो. शेजारी दुसऱ्या डब्यातल्या दोन येऊन बसतील हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय रॅमशी देवघेव करणारा मेमरी कंट्रोलर बसतो प्रोसेसरच्या आत, आणि त्याची स्वतःची मर्यादा असते. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने दिलेले आकडे असे: दोन स्टिक असतील तर ३२००. चार स्टिक, सिंगल रँक (स्टिकवर चिपचा एकच संच), तर २९३३. चार स्टिक, ड्युअल रँक (दोन संच), तर २६६६. स्टिक वाढल्या की वेग खाली येतो, हे दुकानात विकताना कुणी सांगत नाही. याच्या वर चालवणं म्हणजे प्रोसेसर कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच, मग बायोसमध्ये ते एका क्लिकवर का असेना.

जाता जाता: सीपीयू-झेड या मशिनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३२०० ची रॅम १६०० दिसते म्हणून दुकानदाराशी भांडणारे मी पाहिले आहेत. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. १६०० बरोबर आहे, भांडू नका.

तपासणी

सेल लगेच बदलला नाही. तो बदलला असता तर खराब सेटिंग कायमची टिकली असती आणि बापूंचे दोन-तीन चांगले दिवसही गेले असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घेतला. हा विंडोजच्या बाहेर, थेट पेनड्राइव्हवरून चालतो, म्हणून विंडोजची फाइल खराब आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. प्रोफाइल चालू, चार स्टिक, ३२०० वर टेस्ट लावली. पहिला पास, म्हणजे पहिली फेरी, पुरा व्हायच्या आत चुकांच्या लाल ओळी आल्या. एका ओळीत पत्ता, काय लिहिलं होतं, काय वाचलं, असं दिसतं. बहुतेक ओळींत फरक एकाच बिटचा होता: लिहिलं ०, परत वाचलं १. पुन्हा टेस्ट लावली तर चुका आल्या, पण पत्ते वेगळे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चिप मेलेली असेल तर बहुधा तेच ते पत्ते पुन्हा येतात. पत्ते फिरत असतील तर सिग्नल किंवा टायमिंग काठावर आहे असं समजायचं.

मग डिफॉल्ट, २१३३, रात्रभर. फुकटच्या आवृत्तीत मिळणारे चारही पास स्वच्छ.

त्यानंतर जुनी जोडी एकटी, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, प्रोफाइल चालू, ३२००: स्वच्छ. नवी जोडी एकटी, तशीच: स्वच्छ. चारही एकत्र ३२००: पुन्हा लाल. एकही स्टिक खराब नव्हती. दुकानदाराकडे वॉरंटीत नेल्या असत्या तर त्याने एकेक लावून ‘साहेब, चालतेय की’ म्हणून परत दिल्या असत्या, आणि तो खरं बोलत असता.

सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबवर बाकीचं उघडं पडलं. दोन्ही जोड्यांवर ३२०० च लिहिलेलं, पण जुनीचं टायमिंग १६-१८-१८-३८ आणि नवीचं १६-२०-२०-४०. कंपनी तीच, मालिका तीच, आतल्या चिप वेगळ्या, असं सर्रास होतं. बोर्डाने प्रोफाइल उचललं जुनीचं आणि लावलं चौघींना. नव्या जोडीला तिच्या झेपेपेक्षा घट्ट टायमिंग मिळालं, त्यावर कंट्रोलरवर चार स्टिकचा भार. शिवाय अशा बोर्डांवर तारांची मांडणी दोन स्टिकसाठी धरलेली असते, चार भरल्या की सिग्नल आणखी मळतो.

बापूंना हे सांगितलं तर म्हणाले, “च्यार बैल च्यार गावना, एकच गाडाले जुपेल.” मी पुढे समजवायचं थांबलो.

काय लावलं

वेग २९३३. टायमिंग चारही स्टिकना झेपेल ते, म्हणजे सैल असलेल्या जोडीचं, १६-२०-२०-४०. व्होल्टेज १.३५, कमांड रेट २टी (हुकमाला एकाऐवजी दोन ठोके). हे हाताने भरलं, प्रोफाइलचं बटण बंद. पुन्हा रात्रभर मेमटेस्ट, चूक नाही. मग खरं काम: एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ एक्स्पोर्टला आणि त्याच वेळी फोटोशॉपमध्ये करिझ्मा अल्बमची पानं उघडी. मेमटेस्टमध्ये पास होऊन कामात पडणारी मशिन असतात, म्हणून हे दुसरं टाळू नये.

भाच्याचा प्रश्न रास्त होता: ३२०० वर चौघी चालणारच नाहीत का? कदाचित चालल्या असत्या. टायमिंग सैल, कंट्रोलरचं व्होल्टेज किंचित वर, असं करत बसलं तर जमतंही. पण मिळणार काय? दोन चॅनेलवर ३२०० ला कागदोपत्री सेकंदाला ५१.२ जीबी, २९३३ ला ४६.९, आणि ज्या २१३३ वर मशिन तीन महिने चाललं तिथे ३४.१. शेवटच्या आठ टक्क्यांसाठी काठावर उभं राहायचं हा गेमिंगच्या मशिनवरचा षोक आहे. जिथे लोकांचे लग्नाचे फोटो आहेत तिथे तो करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आखाजीच्या आठवड्यात तर नाहीच.

सेल बदलला. मग विंडोज पुन्हा नव्याने टाकलं, कारण आधीची दोन्ही फॉरमॅट चुका करणाऱ्या रॅमवरूनच झाली होती आणि सिस्टिम फाइल तपासणीत खराब फाइल निघत होत्या. हा क्रम उलटा झाला की पैसे आणि रात्र दोन्ही वाया जातात.

खरं नुकसान

मशिन पडणं हा त्यातला सोपा भाग होता, ते दिसतं तरी. रॅम चुकीचा बिट देत असते तेव्हा दर वेळी ब्ल्यू स्क्रीन येत नाही. तो बिट एखाद्या फोटोच्या मधोमध पडला तर मशिन मजेत चालत राहतं आणि फोटो खराब सेव्ह होतो. साध्या डेस्कटॉपच्या रॅमला ईसीसी नसतं, म्हणजे चूक पकडणारं कुणीच नसतं. कार्डावरून हार्ड डिस्कवर कॉपी करतानाही डेटा रॅममधूनच जातो.

भाच्याला विचारलं, मार्चपासून काही फोटो अर्धे राखाडी, खालचा भाग सरकलेला, रंग पालटलेला असे दिसले का? दिसले होते. त्याने कार्डाला दोष देऊन दोन कार्डं फेकूनही दिली होती. काही झिप फाइल उघडताना सीआरसीची, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते तपासणाऱ्या आकड्याची, चूक दाखवत होत्या, त्याचा दोष पेनड्राइव्हला गेला होता.

मग मार्च-एप्रिलच्या सगळ्या कामांची यादी काढली. जी कार्डं अजून पुसली नव्हती, त्यांच्यावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलचा हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा फाइलचा ठसा) विंडोजमधल्याच सर्टयुटिल कमांडने काढून ताडून पाहिला. हे मशिन दुरुस्त झाल्यावरच करायचं, नाहीतर तुलनाही त्याच फुटक्या रॅममधून होते. जिथे जुळला नाही तिथे कार्डावरून पुन्हा कॉपी केली. एका हळदीचं कार्ड पुढच्या लग्नात वापरलं गेलं होतं. त्यातले पंगतीचे काही फोटो गेले ते गेलेच. बापूंनी त्या घरी स्वतः जाऊन सांगितलं आणि व्हिडिओतून फ्रेम काढून अल्बमची ती पानं भरली. आता कार्ड दोन जागी कॉपी होऊन हॅश जुळेपर्यंत पुसायचं नाही असा नियम आहे. चोपड्याच्या गर्दीत तो किती पाळला जाईल देव जाणे, पण कार्डांचा एक जास्तीचा संच त्यांनी घेतला एवढं खरं.

भाच्याला पुढच्या वर्षी डीडीआर५ चं मशिन हवं आहे, त्यात ‘ईसीसी आतच असतं’ असं त्याने ऐकलं आहे. असतं, पण ते चिपच्या पोटातल्या चुकांपुरतं. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या रस्त्यावर बिट उलटला तर ते कामाला येत नाही, आणि इथे भानगड रस्त्यावरच होती. चार स्टिकचा मामला तर तिथे आणखी अवघड आहे. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० चालतं, चार भरल्या की एएमडीचा अधिकृत आकडा थेट ३६०० वर येतो. म्हणून त्याला सांगितलं, जेवढी रॅम लागेल तेवढी दोन स्टिकमध्ये, एकाच डब्यातली घे. आणि पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळाच राहील, बोर्ड मेमरी जुळवत असतो. घाबरून बटण बंद करू नको.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे: २९३३, १६-२०-२०-४०, १.३५, २टी, ‘प्रोफाइल चालू करू नये’. जूनमध्ये भाच्याकडून फोटो आला, मशिन पुन्हा एकदा अचानक बंद पडलं होतं. फोटो इव्हेंट व्ह्यूअरचा होता, ४१ ची नोंद उघडून, बगचेक कोडवर बोट ठेवून. शून्य. खाली त्यानेच लिहिलं होतं, यूपीएसची बॅटरी गेली, उद्या बदलतो.